पळसाच्या रंगापासून चिंताविकाराच्या उपचारापर्यंत : फ्लॅव्होनॉइड संशोधनाचा इतिहास आणि नागपूर परिसर

प्रस्तावना

वनस्पतींमध्ये आढळणारी फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्ये दाहाशी निगडित चिंताविकारावर उपयुक्त ठरू शकतील, या गृहीतकाची औषधशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये गेल्या दोन दशकांत बरीच चर्चा झाली आहे. या गृहीतकाच्या रासायनिक आणि वैद्यकीय अंगांवर विपुल लेखन उपलब्ध आहे. त्या मानाने त्याचे ऐतिहासिक अंग कमी हाताळले गेले आहे. वास्तविक हे गृहीतक एका शोधातून जन्मलेले नाही. रंगद्रव्यांचे रसायनशास्त्र, जीवनसत्त्वांचा शोध आणि शरीराचा दाह व मनाची अवस्था यांच्यातील संबंधाचा अभ्यास असे तीन प्रवाह वेगवेगळ्या काळांत व वेगवेगळ्या देशांत वाहत आले आणि अगदी अलीकडे एकत्र मिळाले. नागपूर आणि त्याभोवतीचा विदर्भ यांचा या इतिहासाशी असलेला संबंध संत्र्यामुळे सहज ध्यानात येतो. परंतु तो तेवढ्यापुरता मर्यादित नाही.

प्रस्तुत लेखात 'दाह' हा शब्द नुसत्या जळजळीच्या अर्थाने वापरलेला नाही. इजा किंवा संसर्ग झाला असता रोगप्रतिकारक यंत्रणा जी प्रतिक्रिया देते, जिच्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, पेशी विशिष्ट प्रथिने स्रवू लागतात आणि सूज, उष्णता व वेदना निर्माण होतात, ती प्रतिक्रिया येथे अभिप्रेत आहे. आयुर्वेदातील 'शोथ' ही संज्ञा तिच्या बरीच जवळ जाते. ही प्रतिक्रिया अल्पकाळ टिकली तर उपकारक असते. ती मंद स्वरूपात महिनोन्‌महिने चालू राहिली तर अपायकारक ठरते. चिंताविकाराच्या संदर्भात जिची चर्चा होते ती प्रामुख्याने ही दुसऱ्या प्रकारची, धुमसती प्रतिक्रिया होय.

पळस, संत्रे आणि पिवळा रंग

फ्लॅव्होनॉइड या नावाच्या मुळाशी पिवळ्या रंगाचा वाचक असलेला 'फ्लॅव्हस' हा लॅटिन शब्द आहे. या द्रव्यांचा इतिहास औषधाच्या खलबत्त्यात सुरू झाला नाही, तो रंगाऱ्याच्या भट्टीत सुरू झाला. युरोपात वेल्ड नावाच्या रोपट्यापासून आणि अमेरिकेतून येणाऱ्या एका ओक वृक्षाच्या सालीपासून लोकर व रेशीम पिवळे रंगविले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल याने अशा रंगद्रव्यांचे पृथक्करण आरंभिले. त्याच शतकाच्या अखेरीपासून बर्न येथील कोस्टानेकी आणि त्याचे शिष्य यांनी या द्रव्यांची रचना ठरवून त्यांतील अनेक द्रव्ये प्रयोगशाळेत तयार करून दाखविली.

विदर्भाला या रसायनाचा परिचय शास्त्राच्या कितीतरी आधीपासून होता, मात्र तो शिमग्याच्या निमित्ताने. फाल्गुनात रानोरान पेटल्यासारखा दिसणारा पळस वैदर्भीय माणसाला नवा नाही. त्याची फुले पाण्यात उकळून, त्यात थोडा चुना अथवा तुरटी घालून केशरी रंग काढण्याची पद्धत खेडोपाडी होती व काही ठिकाणी आजही आहे. १९०४ साली पर्किन व हमेल या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी पळसफुलांच्या रंगद्रव्यावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. फुलांत ब्यूटिन नावाचे जवळजवळ रंगहीन द्रव्य शर्करेशी बद्ध अवस्थेत असते. अल्कलीच्या सान्निध्यात त्याचे एक वलय उघडते आणि ब्यूटीन हे गडद रंगाचे द्रव्य तयार होते. ही दोन्ही द्रव्ये फ्लॅव्होनॉइड कुळातीलच आहेत. शिमग्याच्या हंड्यात चुन्याची चिमूट टाकणाऱ्या गृहिणीला वलय उघडण्याची ही वार्ता ठाऊक नव्हती. पण परिणाम मात्र तिला नेमका ठाऊक होता.

संत्र्याचा मार्ग निराळा आहे. नागपुरी संत्रे हे वनस्पतिशास्त्रदृष्ट्या मँडरिन गटातील फळ होय. रघुजीराजे भोसले यांच्या काळात ते औरंगाबादहून आणून नागपुरातील बागेत लावले गेले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यात संत्र्याचे बगीचे पसरले आणि आंबिया व मृग या दोन बहारांभोवती तेथील शेतकऱ्याचे वर्ष फिरू लागले. १९८५ साली नागपुरात राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र स्थापन झाले. २०१४ साली त्याला केंद्रीय संशोधन संस्थेचा दर्जा मिळाला व त्याच वर्षी नागपुरी संत्र्याला भौगोलिक निर्देशनाची नोंदणीही प्राप्त झाली.

संत्र्यातील प्रमुख फ्लॅव्होनॉइड हेस्पेरिडिन होय. ते १८२८ साली लब्रेतों या फ्रेंच संशोधकाने संत्र्याच्या सालीखालच्या पांढऱ्या मऊ थरातून प्रथम वेगळे केले. ग्रीक पुराणकथेत सोन्याच्या सफरचंदांची राखण करणाऱ्या हेस्पेरिडीस नावाच्या अप्सरा आहेत. त्यांच्यावरून हे नाव पडले. आपण संत्रे सोलताना फोडीवरचे पांढरे धागे आणि सालीचा आतला थर काळजीपूर्वक काढून टाकतो आणि हेस्पेरिडिनचा मोठा साठा असतो तो नेमका तेथेच. शिवाय पक्व फळापेक्षा कोवळ्या, हिरव्या फळात त्याची तीव्रता अधिक असते. म्हणजे बागेत फळगळ होऊन जे कोवळे फळ मातीमोल होते, तेच या दृष्टीने अधिक समृद्ध होय. चिनी वैद्यकात कोवळ्या मँडरिनची हिरवी साल आणि पक्व फळाची वाळवून मुरविलेली साल अशी दोन स्वतंत्र औषधे मानली जातात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत महाळुंगाच्या साल, गर आणि केसर या भागांचे गुणधर्म वेगवेगळे सांगितले आहेत. एकाच फळाच्या निरनिराळ्या भागांची कामे निरनिराळी, ही दृष्टी दोन्ही परंपरांत होती. 'संत्र्याचा रस पिणे आरोग्यास उत्तम' अशा सरसकट विधानात ती हरवून जाते.

'जीवनसत्त्व पी' : एका नावाचा उदय आणि अस्त

वर्तमान गृहीतकाचे मूल्यमापन करताना इतिहासातील एक प्रकरण अधिक विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी पाप्रिका मिरचीपासून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर मिळविले, हे सर्वश्रुत आहे. १९३७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच सुमारास त्यांच्या असे निदर्शनास आले की, त्वचेखाली रक्तस्राव होणाऱ्या काही रुग्णांना शुद्ध क जीवनसत्त्वाचा गुण येत नाही, परंतु पाप्रिकाच्या किंवा लिंबाच्या अशुद्ध अर्काचा येतो. अर्कात आणखी काहीतरी असले पाहिजे, हा तर्क स्वाभाविक होता. लिंबाच्या अर्कातून 'सिट्रिन' नावाचे मिश्रण वेगळे करण्यात आले; त्यात हेस्पेरिडिन होते. १९३६ साली सेंट-ग्यॉर्गी व रुस्न्याक यांनी या द्रव्यांना 'जीवनसत्त्व पी' असे नाव सुचविले. रक्तकेशिकांची पारगम्यता ते कमी करते, या अर्थी 'पी'.

नाव फार लवकर रूढ झाले. जीवनसत्त्व या शब्दाला त्या दशकात जे वलय होते, त्याचा लाभ या द्रव्यांना मिळाला. पण जीवनसत्त्व म्हणविण्यासाठी एक कठोर कसोटी असते : ते आहारातून वगळले असता विशिष्ट विकार झाला पाहिजे आणि ते दिल्यावर तो विकार दूर झाला पाहिजे. गिनीपिगवरील प्रयोगांत ही कसोटी सातत्याने उतरेना. सुरुवातीच्या प्रयोगांतील आहारात क जीवनसत्त्वाचा अल्प अंश राहून गेला असावा, अशी शंका पुढे आली. अखेर १९५० साली अमेरिकेतील जीवरसायन व पोषण या विषयांच्या संस्थांच्या संयुक्त नामकरण समितीने 'जीवनसत्त्व पी' हे नाव वापरू नये, अशी शिफारस केली. चौदा वर्षांत नावाचा उदय झाला आणि अस्तही.

तथापि नाव गेले म्हणून द्रव्य निरुपयोगी ठरले, असेही झाले नाही. हेस्पेरिडिन आणि त्याचे जवळचे भावंड डायोस्मिन यांचे मिश्रण पायांच्या शिरांचे विकार व मूळव्याध यांसाठी आजही दिले जाते. भारतातही ते औषधाच्या दुकानात गोळीच्या रूपात मिळते. एखादे द्रव्य एका मर्यादित कामासाठी उपयुक्त असणे आणि ते जीवनावश्यक किंवा सर्वरोगहारी असणे, या दोन गोष्टींतील अंतर या प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके अन्य उदाहरणातून क्वचितच होते. १९९३ साली नेदरलँड्समधील झुटफेन येथील वृद्ध पुरुषांच्या पाहणीत आहारातील फ्लॅव्होनॉइडचे अधिक प्रमाण आणि हृदयविकाराने होणारे कमी मृत्यू यांचा संबंध दिसून आला आणि ही द्रव्ये पुन्हा प्रकाशझोतात आली. या वेळी त्यांच्यामागचा परवलीचा शब्द जीवनसत्त्व हा नव्हता, 'अँटिऑक्सिडंट' हा होता. पुढे त्याची जागा 'दाहशामक' या शब्दाने घेतली.

दाह आणि मन

दुसरा प्रवाह मनोविकारांचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शरीरातील ज्वर व दाह हा मनोविकारावरील उपाय मानला गेला होता, हे आज विचित्र वाटेल. व्हिएन्नाचे वाग्नर-याउरेग यांनी १९१७ साली उपदंशजन्य मेंदूविकाराच्या रुग्णांना हिवतापाची लागण करून त्या ज्वराने उपचार केले आणि १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नागपूरच्या मनोरुग्णालयाची स्थापना १८६४ सालची. म्हणजे असे सारे उपाय येण्यापूर्वी, केवळ निगराणीच्या युगात ते उभे राहिले. औषधांचे युग त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आले आणि त्यात भारतीय वनस्पतीचा वाटा मोठा होता. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. त्यापूर्वी १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादावरील तिच्या उपयोगाकडे लक्ष वेधले होते. १९५२ साली तिच्यातून रेझर्पिन वेगळे झाले आणि काही काळ ते जगभरच्या मनोरुग्णालयांत वापरले गेले. वनस्पतीपासून मनोविकारावर औषध मिळू शकते, याचा हा निर्विवाद दाखला होय. मात्र रेझर्पिन हे अल्कलॉइड आहे, थोड्या मात्रेत तीव्र परिणाम करणारे. फ्लॅव्होनॉइडचा स्वभाव याच्या उलट. सर्पगंधेचा दाखला देऊन फ्लॅव्होनॉइडचे समर्थन करणे म्हणून सयुक्तिक ठरत नाही.

चिंताविकारावरील औषधांत १९६० साली क्लोरडायझेपॉक्साइड व १९६३ साली डायझेपाम आले. या औषधांचे मेंदूतील ग्राहकस्थान १९७७ साली सापडले. मग या ग्राहकस्थानावर बसणारे एखादे नैसर्गिक द्रव्य आहे काय, याचा शोध सुरू झाला. ब्युनोस आयर्स येथील मेदिना व पालादिनी यांच्या गटाला १९९० साली पॅसिफ्लोरा म्हणजे कृष्णकमळाच्या एका जातीतून क्रायसिन हे फ्लॅव्होन मिळाले. १९९५ साली कॅमोमाइलमधील एपिजेनिन आणि २००३ साली व्हॅलेरियनमधील हेस्पेरिडिन यांचेही मज्जासंस्थेवरील परिणाम त्याच शहरातून प्रसिद्ध झाले. लब्रेतोंने संत्र्याच्या सालीतून काढलेले द्रव्य अशा रीतीने पावणेदोनशे वर्षांनी शामक म्हणून समोर आले. पण या टप्प्यापर्यंत दाहाचा उल्लेखही नव्हता. चर्चा होती ती ग्राहकस्थानाची.

दाहाचा संबंध वेगळ्या वाटेने जोडला गेला. आजारी प्राणी खात नाही, कळपापासून दूर राहतो, निपचित पडतो. १९८८ साली हार्ट यांनी असे प्रतिपादन केले की, ही केवळ दुर्बलता नसून संसर्गाशी लढण्यासाठी शरीराने आखलेली वर्तनव्यवस्था आहे. पुढे दांत्झर आदींनी दाखविले की, रोगप्रतिकारक पेशींनी स्रवलेली सायटोकाइन नावाची प्रथिने मेंदूपर्यंत संदेश पोहोचवून हे वर्तन घडवितात. माणसांत याचा पडताळा अनपेक्षितपणे मिळाला. यकृतदाह व कर्करोग यांवर इंटरफेरॉन घेणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांना नैराश्य आणि चिंता यांनी ग्रासले. २०१३ साली रेझन व सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या ६० नैराश्यग्रस्त रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहरोधक औषधाची चाचणी घेतली. एकूण गटात औषध व निष्प्रभावी द्रव्य यांत फरक आढळला नाही. परंतु ज्यांच्या रक्तात सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन म्हणजे सीआरपी लिटरला ५ मिलिग्रॅमहून अधिक होते, त्यांना लाभ होत असल्याचे दिसले आणि ज्यांचे कमी होते त्यांना औषधापेक्षा निष्प्रभावी द्रव्यच बरे, असे चित्र निघाले. या चाचणीचे महत्त्व फार मोठे आहे. मनोविकाराच्या सर्व रुग्णांत दाह नसतो. ज्यांच्यात असतो त्यांनाच दाहरोधकाचा उपयोग संभवतो.

नैराश्याच्या तुलनेत चिंताविकाराबाबतचा पुरावा अद्याप विरळ आहे. २०२० साली मिलान येथे कोविड-१९ मधून बऱ्या झालेल्या ४०२ रुग्णांच्या पाहणीत ४२ टक्के रुग्णांत चिंतेची लक्षणे आढळली आणि आजारपणातील दाहाचे प्रमाण व नंतरची लक्षणे यांत संबंध दिसला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मात्र येथे विसरता येत नाही. स्थूलता, धूम्रपान, निद्रानाश यांनीही सीआरपी वाढते आणि चिंताही वाढते.

विदर्भातील प्रयोगशाळा

या पार्श्वभूमीवर विदर्भात काय घडले? नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची आणि रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या तंत्रशास्त्र संस्थेची १९४२ ची. रसायनशास्त्राची परंपरा येथे जुनी आहे. तिच्यातील एक धागा फ्लॅव्होनॉइडचा आहे. भारतात या विषयाचे शिक्षण व संशोधन रुजविण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत टी. आर. शेषाद्री आणि के. वेंकटरामन ही नावे अग्रगण्य होत. फ्लॅव्होन तयार करण्याच्या मार्गातील 'बेकर-वेंकटरामन पुनर्रचना' ही अभिक्रिया १९३०च्या दशकातील आहे. वेंकटरामन पुढे मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

विदर्भातील महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी याच क्षेत्रात दीर्घकाळ काम केले. चाल्कोनपासून फ्लॅव्होन बनविणे हा येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचा नित्यपाठ होता. १९८६ साली दोशी, सोनी व घिया या विदर्भातील रसायनशास्त्रज्ञांनी 'इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री'मध्ये डायमिथिल सल्फॉक्साइड आणि आयोडीन यांच्या साहाय्याने चाल्कोनचे फ्लॅव्होनमध्ये रूपांतर करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती साधी आहे, स्वस्त आहे, तिला महागडी उपकरणे लागत नाहीत. म्हणूनच ती जगभर वापरात आली. मोठ्या शोधांच्या इतिहासात अशा पद्धतींना एखादी ओळच मिळते. परंतु औषधशास्त्रज्ञाला परीक्षणासाठी शुद्ध फ्लॅव्होन हवे असेल तर ते कोणीतरी बाटलीत भरून द्यावे लागते आणि ते काम अशा पद्धतींनीच होते.

औषधशास्त्राचा धागा नंतरचा. नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग आणि कामठी व वर्धा येथील महाविद्यालये यांत उंदरांवरील वर्तनचाचण्यांची एक चांगली परंपरा निर्माण झाली. २०१० साली या परिसरातील संशोधकांनी क्वेर्सेटिनवरील एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. क्वेर्सेटिन हे कांद्यात विपुल असणारे फ्लॅव्होनॉइड. ताणाच्या वेळी मेंदूत स्रवणारे सीआरएफ हे संप्रेरक-प्रवर्तक द्रव्य उंदरांच्या मेंदूत सोडले असता त्यांच्यात चिंतासदृश व नैराश्यसदृश वर्तन दिसते. आधी क्वेर्सेटिन दिले असता ते कमी होते, असा त्या लेखाचा आशय होता. 'ग्राहकस्थान' या जुन्या चौकटीतून बाहेर पडून ताणाच्या यंत्रणेकडे पाहणारे हे काम होते, हे त्याचे वैशिष्ट्य. पण त्या प्रयोगाचा रोख ताणसंप्रेरकावर होता, दाहावर नव्हता, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे. जिवाणूंच्या आवरणातील विषद्रव्य टोचून दाह निर्माण करायचा आणि मग फ्लॅव्होनॉइडचा परिणाम पाहायचा, असे प्रयोग त्यानंतरच्या काळात अनेक देशांत झाले. सायटोकाइनची निर्मिती चालू करणारी एनएफ-कप्पा-बी ही पेशींतील कळ फ्लॅव्होनॉइडमुळे मंदावते, असे त्यांतून वारंवार दिसले. पळसफुलांतील ब्यूटीन व त्याच्या संबंधित द्रव्यांबाबतही पेशींवरील प्रयोगांत असाच निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला आहे.

उंदीर आणि माणूस

प्राण्यांवरील या आशादायक निष्कर्षांपासून रुग्णापर्यंतचा मार्ग मात्र अडथळ्यांचा आहे. पहिला अडथळा आतड्याचा. हेस्पेरिडिन पाण्यात फारसे विरघळत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्याची शर्करा तोडतात तेव्हा हेस्पेरेटिन सुटते व काही अंशी शोषले जाते. क्वेर्सेटिनचे तर यकृत व आतडे ताबडतोब रूपांतर करतात. परीक्षानळीत जे द्रव्य पेशींवर ओतले जाते, ते त्या रूपात व त्या मात्रेत मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. ज्याच्या आतड्यात जसे जिवाणू, तसे त्याचे शोषण. म्हणजे एकाच घरातील दोघांना एकच मात्रा सारखी लागू पडेल, याचीही खात्री नाही.

दुसरा अडथळा परीक्षणपद्धतीचा. क्वेर्सेटिनसारखी काही द्रव्ये आपल्या रासायनिक स्वभावामुळे नाना प्रकारच्या प्रथिनांशी गुंततात आणि जवळजवळ प्रत्येक चाचणीत 'परिणामकारक' ठरतात. अशा द्रव्यांविषयी बेल व वॉल्टर्स यांनी २०१४ साली 'नेचर'मधून स्पष्ट इशारा दिला होता. जे द्रव्य सर्वत्र यशस्वी ठरते, त्याच्या यशाकडे अधिक संशयाने पाहावे लागते. 'जीवनसत्त्व पी' प्रकरणातही अर्काचे यश प्रत्यक्षात कशाचे, हाच प्रश्न होता.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा अडथळा मानवी चाचण्यांच्या अभावाचा. येथे कॅमोमाइलचे उदाहरण बोलके आहे. २००९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सार्वत्रिक चिंताविकाराच्या ५७ रुग्णांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. प्रमाणित कॅमोमाइल अर्काचा माफक परंतु सांख्यिकीदृष्ट्या ग्राह्य लाभ दिसला. २०१६ साली त्याच विद्यापीठातून दीर्घ मुदतीच्या चाचणीचे निष्कर्ष आले. १७९ रुग्णांपैकी ज्या ९३ जणांना गुण आला, त्यांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. विकार उलटण्याचे प्रमाण कॅमोमाइल गटात सुमारे १५ टक्के, तर निष्प्रभावी द्रव्याच्या गटात सुमारे २५ टक्के होते. पण हा फरक सांख्यिकी कसोटीवर टिकला नाही. लक्षणांची तीव्रता मात्र कॅमोमाइल गटात कमी राहिली. या दोन्ही चाचण्यांत रुग्णांची निवड दाहाच्या निकषावर झालेली नव्हती. रेझन यांच्या चाचणीने जो धडा दिला, तो कॅमोमाइलला अद्याप लावला गेलेला नाही. संत्र्याबाबत बोलायचे तर, २०१५ साली इंग्लंडमधील रीडिंग येथे ३७ निरोगी वृद्धांना आठ आठवडे फ्लॅव्हनोनयुक्त संत्रारस देऊन बुद्धिकार्यात थोडी सुधारणा आढळली. ती बुद्धिकार्याची चाचणी होती, चिंतेची नव्हे. आणि ते वृद्ध निरोगी होते, रुग्ण नव्हते.

हा भेद शास्त्रीय काटेकोरपणापुरता नाही. चिंताविकाराचा रुग्ण बहुधा आपले दुखणे घरातही सांगत नाही, मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास कचरतो आणि 'नैसर्गिक' या शब्दाकडे चटकन ओढला जातो. चालू असलेली गोळी अचानक सोडून एखाद्या अर्काच्या कॅप्सूलवर तो विसंबला, तर डायझेपाम वर्गातील औषध एकदम तोडल्याने होणारा त्रास गंभीर असू शकतो. लिंबूवर्गीय फळे निरुपद्रवीच असतात, हाही समज अपुरा आहे. ग्रेपफ्रूटचा रस काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवितो, हे १९८९ सालीच लक्षात आले होते. प्रारंभी त्याचा दोष नॅरिंजिन या फ्लॅव्होनॉइडवर ठेवण्यात आला. नंतर तो मुख्यतः फ्युरॅनोकुमरिन या दुसऱ्या वर्गाचा असल्याचे निष्पन्न झाले. अर्कात नेमके काय आहे, या प्रश्नाने सेंट-ग्यॉर्गींच्या काळापासून संशोधकांची पाठ सोडलेली नाही.

नागपुरातील अपूर्ण राहिलेले काम

नागपूरची स्थिती या बाबतीत काहीशी विलक्षण आहे. फळ येथले आहे. त्या फळाचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था अमरावती मार्गावर आहे. रसायनशास्त्राची व औषधशास्त्राची परंपरा विद्यापीठात आहे. १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, २०१८ पासूनची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि दीडशे वर्षांहून जुने मनोरुग्णालय हे सारे एकाच शहरात आहे. तरीही ज्यांच्या रक्तात सीआरपी वाढलेले आहे अशा चिंताविकाराच्या रुग्णांना नागपुरी संत्र्याच्या सालीतील प्रमाणित अर्क देऊन त्याची निष्प्रभावी द्रव्याशी तुलना करणारे काम हाती घेण्याची गरज शिल्लकच आहे. सीआरपीची तपासणी धंतोली-रामदासपेठेतील कोणत्याही पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत होते. चाचण्यांची नोंदणी करण्यासाठी २००७ पासून राष्ट्रीय नोंदवही उपलब्ध आहे आणि २००९ पासून नोंदणी अनिवार्य आहे. साधनांचा अभाव ही सबब येथे पुरी पडत नाही.

मूळ आकडेवारीची उणीव मात्र खरी आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड त्यांत होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे नागपूर जिल्ह्यात चिंताविकाराचे रुग्ण किती, याचा अंदाज त्या सर्वेक्षणावरून बांधताना सीमेपलीकडील आकड्यांचा आधार घ्यावा लागतो. शिवाय विदर्भातील चिंतेचे एक मोठे कारण रक्तात मोजता येण्याजोगे नाही. आंबिया बहाराची फळगळ, पडलेला भाव आणि थकलेले कर्ज यांमुळे ज्याची झोप उडाली आहे, त्याचे सीआरपी सामान्य असू शकते. त्याला सालीचा अर्क देणे हा उपचार नव्हे आणि त्याची गणना चाचणीत करणेही चूक ठरेल. रुग्णनिवडीचा निकष काटेकोर ठेवला तर अशा चाचणीला पात्र रुग्ण अपेक्षेपेक्षा बरेच कमी मिळतील, हे संयोजकांनी आधीच गृहीत धरलेले बरे.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. हेस्पेरिडिन १८२८ पासून ज्ञात आहे. ते द्रव्य आपल्या मालकीचे आहे असे कोणत्याही कंपनीला म्हणता येणार नाही आणि म्हणून कोणतीही मोठी कंपनी त्यासाठी दीर्घ चाचणीचा भार उचलण्याचा संभव कमी. हा भार सार्वजनिक निधीतूनच उचलावा लागेल. कच्चा माल मात्र मुबलक आहे. रस काढल्यानंतर उरणारी साल प्रक्रिया उद्योगांच्या दृष्टीने विल्हेवाटीची अडचण असते आणि गळून पडलेल्या कोवळ्या फळांना तर बाजारात भावच नसतो.